दप्तरातला मुलूख

ज्या बेटावर मी सोळा दिवस राहून आलो, त्याचं नाव या लेखात येणार नाही. सालेमनं मला तशी शपथ घातली आहे. त्याचे दोन सोबती अजून तिथल्या पोलिसात आहेत, आणि त्यांच्या नोकरीला धक्का लागेल असं काही मी लिहू नये, एवढीच त्याची अट. वाचकांनी समजून घ्यावं की ते अरबांचं एक चिमुकलं राज्य आहे आणि आपल्या बीड जिल्ह्यातल्या एखाद्या तालुक्यात ते आरामात मावेल. बाकी सगळं जसं पाहिलं तसं सांगतो.

मी वडवणीकडच्या एका सहकारी सोसायटीचा सचिव. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसांच्या हजेऱ्या घेण्यात आणि सुकडीची पोती उतरवून घेण्यात माझे दिवस गेले. मग पाऊस झाला, ज्वारी उभी राहिली, आणि त्या हिवाळ्यात मला पहिल्यांदा वाटलं की आता आपण चार दिवस कुठं गेलो तर गावाचं काही अडणार नाही. नेमकं तेव्हाच सालेमचं पत्र आलं.

सालेम चाऊस माझा शाळासोबती. बीडला जुन्या बाजारातल्या एकाच गल्लीत आम्ही वाढलो, एकाच मौलवींच्या छड्या खाल्ल्या. तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि शाळा उर्दूत होती. सालेमचे आजोबा अरबस्तानातल्या हदरमौत नावाच्या मुलखातून निजामाच्या चाकरीत आले होते, आणि बाप बीडच्या खजिन्यावर पहारा करायचा. कमरेला वाकड्या पात्याचा जंबिया, खांद्यावर लांब नळीची बंदूक, आणि तोंडात आमच्यासारखीच गावरान मराठी. पोलिस अ‍ॅक्शननं निजामाचं राज्य गेल्यावर अरबांच्या पलटणी मोडल्या, बाप खचून वारला आणि सालेम मुंबईला गेला तो तिथून बोटीत बसून थेट त्या बेटावर. तिथं पोलिसात लागला. चोवीस वर्षं झाली, एकदाही परत आला नाही. बीडला त्याची थोरली बहीण आमिनाआपा एकटी राहते, लोकांचे कपडे शिवते आणि दर ईदला माझ्याकडून त्याला पत्र लिहून घेते.

पत्रात त्यानं लिहिलं होतं की नोकरी येत्या मार्चअखेर संपते. तिथला नियम असा की बाहेरून आणलेल्या पोलिसाची नोकरी संपली, की सरकार स्वखर्चानं त्याला त्याच्या मुलखात पोचवतं. नियम चांगलाच होता. अडचण एवढीच की दप्तरात सालेमचा मुलूख हदरमौत लिहिलेला होता. भरतीच्या वेळी साहेबाला बाहेरचा पण अस्सल अरब हवा होता, म्हणून यानं आपलं गाव न सांगता आजोबाचं सांगितलं. आता ज्या मुलखात त्यानं जन्मात पाऊल ठेवलं नाही, जिथं त्याचं कुणी नाही, तिथं त्याला नेऊन सोडणार होते. ‘मी बीडच्या शाळेत शिकलो त्याचा दाखला काढ,’ असं त्यानं लिहिलं होतं, ‘आणि डाकेनं पाठवू नको, इथं येणारी जाड पाकिटं उघडतात. तू घेऊन ये.’

आमिनाआपाला पत्र वाचून दाखवलं. तिनं सुई कापडात अडकवून ठेवली आणि म्हणाली, “रंगनाथ, तू जाशील ना रे? माझ्यानं आता वाट बघणं व्हईना.” मी दुसऱ्याच दिवशी शाळेत जाऊन जुन्या रजिस्टराची नक्कल मागितली.

बंदर

बोटीवरच्या दिवसांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. डेकवर झोपलो, उलट्या केल्या, पुन्हा झोपलो.

सालेमसाठी मी ज्वारीच्या पिठाचा एक डबा नेला होता. तिसऱ्या दिवशी डेकवर लाट आली आणि त्या डब्यात समुद्र शिरला. बंदरावर जकातीच्या शिपायानं झाकण उघडलं, तेव्हा आत करड्या रंगाचा एक टणक गोळा होता. शिपाई बलुची होता. त्यानं सळईनं तो गोळा टोकरला आणि उर्दूत विचारलं, “सिमेंट है क्या?” मी म्हटलं, रोटीचं पीठ आहे. त्यानं माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, तिच्यात माझ्या मुलखातल्या लोकांच्या दातांविषयी आदर होता. तेवढ्यात मागून आवाज आला, “सोड रे त्याला, आमच्या गावचा हाय त्यो.”

सालेम. खाकी गणवेश, पांढरी दाढी, पोट सुटलेलं. मी त्याला ओळखलं ते चालीवरून. बलुच्याला अर्थातच मराठी कळली नाही, पण त्यानं सळई बाजूला घेतली. सालेमनं मला मिठी मारली आणि पहिलं वाक्य बोलला ते असं: “म्हातारा झालास बे, रंग्या.”

गावात शिरलो आणि माझी एक गंमत झाली. उर्दू शाळेच्या कृपेनं दुकानांवरच्या सगळ्या अरबी पाट्या मला धडाधड वाचता येत होत्या आणि एकीचाही अर्थ कळत नव्हता. मोठ्यानं वाचत चाललो तर रोट्या भाजणारा एक नानबाई बाहेर येऊन अदबीनं काहीतरी विचारू लागला. त्याला वाटलं, कुणी विद्वान आला. मधूनच एखादा शब्द मात्र घरचा भेटायचा. कारकुनाला तिथं कराणी म्हणतात, सरळ जा म्हणायचं तर ‘सीदा’. पूर्वी रुपयाही आपलाच चालायचा, आणि इंग्रजांनी मुंबई इलाख्याचे कायदे, नमुने, रजिस्टरं सगळं गाठोडं बांधून तिथं नेलं होतं, असं सालेमनं सांगितलं.

त्याची खोली पोलिसांच्या चाळीत होती. त्यानं तो सिमेंटचा गोळा फोडला, आतलं कोरडं पीठ चाळून काढलं आणि पत्र्याच्या तव्यावर स्वतःच्या हातानं भाकरी थापली. चोवीस वर्षांत हात विसरला नव्हता. भाकरी खारट झाली होती. आम्ही तीन तीन खाल्ल्या.

किल्ला

बाहेरून आलेल्या प्रत्येकानं पोलिस कचेरीत नाव नोंदवायचं असतं. कचेरी एका जुन्या किल्ल्यात आहे. आत शिरलो तेव्हा मैदानात हजेरी चालली होती. बलुची, पठाण, येमेनी, ओमानी, एकदोन पंजाबी. हवालदार म्हणून हाका मारल्या जात होत्या. त्या गावचे लोक असे फारच थोडे, तेही चौकातल्या वाहतुकीला.

मी सालेमला विचारलं, “इथल्या पोलिसात इथलीच माणसं कावून न्हाईत?”

“गावच्या माणसाच्या हातात काठी दिली तर आधी तो समोर आपला चुलता हाय का बघंल,” तो म्हणाला. “परक्याला चुलताच न्हाई. साहेबाचं गणित सोपं हाय. आमी गावात कुणाच्या घरी जेवायचं न्हाई, सोयरिक करायची न्हाई, आन सा म्हैन्याला चौकी बदलायची.”

मला बीडचा खजिना आठवला. निजामानंही तेच केलं होतं. मराठी मुलखाच्या तिजोरीवर अरब आणून बसवला, कारण त्याला इथं चुलता नव्हता. आणि खुद्द निजामाच्या डोक्यावर हैदराबादेत इंग्रज रेसिडेंट बसला होता. आमच्यावर पहारा करायला त्यांचा माणूस, त्यांच्यावर पहारा करायला आमचा, आणि दोन्हीकडची रजिस्टरं एकाच छापाची. हसावं का रागवावं ते मला कळेना, म्हणून मी हसलो.

नोंद करणारा साहेब इंग्रजच होता. दोनतीन वर्षांमागं इंग्रजांचा झेंडा तिथून उतरला, राज्य स्वतंत्र झालं, पण साहेब त्याच खुर्चीत. याचंही मला नवल वाटलं नाही. निजाम गेल्यावर आमच्या तहशिलीतही कारकून तेच राहिले होते, फक्त उर्दूऐवजी मराठीत ‘उद्या या’ म्हणू लागले. साहेब मोठा सभ्य माणूस. तरुणपणी सिकंदराबादेला फौजेत होता, त्यामुळं हिंदुस्थानी बोलायचा. मला चहा दिला, पावसाची चौकशी केली. मी धीर करून, सालेमचं नाव न घेता, सहज विचारल्यासारखं विचारलं की समजा एखाद्याची नोंद दप्तरात चुकीची झाली असेल तर.

“दप्तर में जो है, सो है,” तो म्हणाला. “एक नोंद बदली तो बाकी पर कौन भरोसा करेगा?”

सोसायटीत बसून हेच वाक्य मी वीस वर्षं शेतकऱ्यांना ऐकवत आलो आहे. खिशातला शाळेचा दाखला खिशातच राहिला. बाहेर आल्यावर सालेम म्हणाला की दाखल्यानं भागेल असं पत्र लिहिताना वाटलं होतं, पण नोंद चुकीची आहे असं सांगायचं म्हणजे आपण खोटं बोललो हे सांगायचं, आणि खोटं सांगून भरती झालेल्याला आधी कोठडी, मग बोट. “जाऊ दे बे. आजोबाचं गाव बगून घीन,” असं तो म्हणाला खरा, पण त्याचा चेहरा पाहवत नव्हता.

समुद्रातलं गोड पाणी

माझं मन रमावं म्हणून सालेम मला बेटभर हिंडवू लागला. मी आनंदानं हिंडलो, हे कबूल करतो. सालेमची काळजी आतून कुरतडत होती, तरी डोळे आपले सगळं बघत होते. खजुरीच्या बागा पाहिल्या. बागांना पाणी नेणारे जमिनीखालचे जुने पाट पाहिले, मध्ये मध्ये वर उसासे सोडायला विहिरीसारखी भोकं. ते पाहून मी सालेमला म्हटलं, “अरे, ही तर आपली खजाना विहीर.” बीडची ती विहीर अशाच भुयारी पाटांवर चालते आणि बहात्तर सालीही तिनं दगा दिला नव्हता. सालेमनं एका माळ्याला हे अरबीत सांगितलं. माळी म्हणाला, पाणी कळणारी माणसं सगळीकडं एकाच मास्तराकडं शिकलेली असतात. मग त्यानं मला ओंजळभर खजूर दिले.

एके सकाळी आम्ही मचव्यात बसून समुद्रात गेलो. किनारा दिसेनासा होण्याआधीच नावाडी थांबला. नावाडी सत्तरीचा, मोती काढणाऱ्या पाणबुड्यांपैकी उरलेला. त्यानं कातड्याची पखाल घेतली, नाक चिमटलं आणि खाली गेला. वर आला तेव्हा पखाल फुगलेली होती. “प्या,” म्हणाला. मी घोट घेतला आणि पाणी गोड. खाऱ्या समुद्राच्या तळाशी गोड्या पाण्याचे झरे आहेत, पूर्वी सगळं गाव तेच प्यायचं. ज्यानं आदल्याच उन्हाळ्यात टँकरपुढं घागरींची रांग लावून भांडणं सोडवली, त्या माणसाला हे पाणी पिताना काय वाटलं असेल? मला रडू आलं. नावाड्याला वाटलं पाणी खारं लागलं, म्हणून तो बिचारा पुन्हा खाली गेला.

परत येताना मी त्याला समजावून सांगू लागलो की तुम्ही दहाबारा नावाडी मिळून एक सहकारी संस्था काढा. माझी ही खोडच आहे, चार माणसं एकत्र दिसली की मला संस्था काढावीशी वाटते. सालेमनं भाषांतर केलं. नावाड्यानं विचारलं, चेअरमन कोण? मी म्हटलं, तुम्हीच निवडायचा. तो बराच वेळ वल्हं मारत राहिला आणि म्हणाला, मग मासे कोण धरणार?

याच हिंडण्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. सालेमला सगळं गाव ओळखत होतं. मासळीवाला त्याला ‘दाढीचा बाप’ अशा अर्थाचं काहीतरी म्हणून चिडवायचा. एक म्हातारी त्याला अडवून आपल्या गुडघ्याची तक्रार सांगायची. एका गल्लीत तर त्यानं गणवेशाची टोपी काढून काखेत मारली आणि तिथल्या विधवेची गॅसची टाकी उचलून वरच्या मजल्यावर नेऊन ठेवली. मी म्हटलं, कुणाच्या घरी जायचं नाही ना? तो म्हणाला, “टोपी काढलती की.” लग्न मात्र त्यानं केलं नाही. गावात सोयरिकीला बंदी, आणि बाहेर जमवायला गेलं की आधी मुलूख विचारतात, आणि त्या प्रश्नापासून तो आयुष्यभर पळाला.

बैठक

शेवटच्या शुक्रवारी एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याच्या बैठकीला गेलो. त्यांना सगळे हाजीसाहेब म्हणत. राज्याच्या कारभारात त्यांचा शब्द चालतो, पुतण्या मोठ्या हुद्द्यावर आहे. दर शुक्रवारी त्यांच्या दिवाणखान्यात वीसेक माणसं जमतात. गावात पाहुणा आला आहे हे कळल्यावर त्यांनी निरोप धाडला, आणि सालेमला दुभाषा म्हणून रीतसर परवानगी मिळाली.

जाण्यापूर्वी सालेमनं मला शिकवलं होतं की कॉफीचा प्याला रिकामा करून परत देताना हलवायचा, नाहीतर ते ओततच राहतात. एवढं एक मी पाठ केलं होतं. भिंतीलगत गालिच्यावर बसलो. नोकरानं लांब चोचीच्या भांड्यातून इवलासा बिनकानाचा प्याला भरून माझ्या हातात दिला. कॉफी उकळती होती. आता आपल्याकडं चहा असा आला तर माणूस काय करतो? बशीत ओततो. इथं बशी नव्हती. बोटं पोळत होती. मी प्याला समोर गालिच्यावर ठेवून दिला, निवेल तेव्हा पिऊ म्हणून, आणि हात मांडीवर घेऊन बसलो.

दिवाणखान्यात बोलणं थांबलं. एकेकाचा प्याला हातातच थांबला. हाजीसाहेबांनी ओठाशी नेलेला प्याला तसाच धरून माझ्याकडं पाहिलं.

“रंग्या,” सालेम दबक्या आवाजात म्हणाला, “प्याला खाली कावून ठिवलास?”

“लई गरम हाय.”

“आरं, हितं पाव्हण्यानं प्याला न पिता खाली ठिवला म्हंजी त्याला मागणं मागायचं हाय. ते मान्य केल्याबिगर यजमानाला घोट घेता येत न्हाई. उचल बे, पटकन.”

मी हात पुढं केला. पण हाजीसाहेब बोलले, आणि ते बोलले हिंदुस्थानीत. मोत्यांच्या व्यापारात त्यांची तरुणपणाची बारा वर्षं मुंबईत गेली होती, हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. “बोलो मेहमान, क्या चाहिए? काफी बाद में पीना.”

माझा हात प्याल्यावर तसाच. चूक झाली म्हणून हसून सोडून देता आलं असतं. सालेम पुटपुटत होता, “घोडे बगायचेत म्हण. तबेला बगायचाय म्हण. माजं नाव काडू नको, तुला आपाची आन.” आपाचं नाव त्यानं घेतलं नसतं तर कदाचित मी घोडेच मागितले असते. पण ते ऐकलं आणि ती सुई कापडात अडकवून बसलेली बाई डोळ्यांपुढं आली. मी हात मागं घेतला. प्याला तिथंच राहू दिला.

माझी उर्दू मौलवींच्या छडीची, तीही बीडच्या बिंदुसरा नदीकाठची. जशी आली तशी बोललो. म्हटलं, हा माणूस हदरमौतचा नाही. आमच्या बीडचा आहे. पोटासाठी खोटं बोलला, त्याला चोवीस वर्षं झाली. आता त्याला परक्या मुलखात पाठवतील आणि घरी त्याची बहीण वाट बघत मरेल. मला हा माणूस परत पाहिजे. मग खिशातून शाळेचा दाखला काढला आणि प्याल्याशेजारी ठेवला.

सालेम गुडघ्यांकडं पाहत बसला होता. वीस माणसांपुढं मी त्याला नागवं केलं होतं, आणि आता ते त्याला कोठडीत टाकतात की काय म्हणून मी दाराकडं पाहिलं.

हाजीसाहेबांनी दाखला वाचलाही नाही. त्यांनी आपल्या शेजाऱ्याला अरबीत काहीतरी सांगितलं आणि सगळा दिवाणखाना हसायला लागला. दात पडलेला एक म्हातारा तर गालिच्यावर हात आपटून हसला.

“हमको तो पहले साल से मालूम है,” हाजीसाहेब मला म्हणाले. मग सांगितलं ते असं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी सालेम बाजारात एका चोरामागं धावला, आणि धावता धावता ओरडला, “थांब बे, थांब.” चोर सापडला की नाही कुणाला आठवत नाही, पण पुढं कित्येक वर्षं बाजारातली मुलं पकडापकडी खेळताना ‘थांबबे’ असंच ओरडायची. मुंबईत राहिलेल्या हाजीसाहेबांनी ते ऐकलं आणि ओळखलं की हा दख्खनचा. त्यांनी इतरांना सांगितलं, इतरांनी बायकांना. सगळ्या गावाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त साहेबाच्या रजिस्टराला.

“फिर किसी ने बताया क्यों नहीं?” मी विचारलं.

“साहेब ने परदेसी मंगाया था,” म्हातारा म्हणाला, “हमको पडोसी मिला. बताते तो ले जाते.” आणि माझ्या प्याल्याकडं बोट दाखवून म्हणाला, “अब पियो. हो गया तुम्हारा काम.”

कॉफी तोवर पार गार झाली होती. आयुष्यात इतकी चवदार कॉफी मी प्यायलो नाही. आनंदात प्याला हलवायचा मात्र विसरलो आणि त्यांनी मला आणखी सात पाजल्या.

लाल शाई

रविवारी सकाळी हाजीसाहेबांच्या पुतण्याच्या कचेरीतलं पत्र किल्ल्यावर पोचलं होतं. साहेबानं आम्हा दोघांना बोलावलं. पत्र दोनदा वाचलं, दाखला उजेडात धरून पाहिला, मग सालेमला विचारलं, “तुम हमसे झूठ बोला?”

“जी साहब. एक बार,” सालेम ताठ उभा राहून म्हणाला.

साहेबानं दाखला खाली ठेवला. मग म्हणाला, चोवीस वर्षांत एकदाच म्हणजे या कचेरीतला हा विक्रम असावा. त्यानं कपाटातून ते जाडजूड रजिस्टर स्वतः काढलं, पान शोधलं, हदरमौतवर लाल शाईनं रेघ मारली आणि वर लिहिलं. मी मान लांबवून वाचलं. ‘बीड, निजामाचं राज्य.’

मी तोंड उघडलं. निजामाचं राज्य जाऊन पंचवीस वर्षं झाली, मग आधी हैदराबाद राज्य झालं, मग मुंबई, आता महाराष्ट्र. नोंद पुन्हा चुकतेय. माझ्यातला सचिव गप्प बसेना. सालेमनं माझं मनगट घट्ट दाबलं.

“ऱ्हाऊ दे,” तो हळूच म्हणाला. “मी तितनंच आलतो.”

आपल्या वकिलातीतला अधिकारी दाक्षिणात्य होता. निजामाचं नाव वाचून तो हसला, शाळेचा दाखला पाहून गंभीर झाला, माझी साक्ष लिहून घेतली आणि सालेमच्या परतीच्या कागदांवर शिक्का मारला. सालेमची नोकरी संपायला अवकाश होता, म्हणून मी एकटाच बोटीवर चढलो, तेव्हा बंदरावर निरोपाला आलेल्यांत तो नावाडीही होता. चेअरमन ठरला का, असं मी खुणेनं विचारलं. त्यानं मासे दाखवले.

बीड

सालेम चैत्रात आला. एसटीच्या टपावरून ट्रंक उतरवून घेताना त्यानं कंडक्टरला अरबीतून काहीतरी सुनावलं, मग स्वतःच ओशाळला. आमिनाआपा स्टँडवर आली नाही. दारात उभी होती. तो जवळ गेल्यावर तिनं त्याच्या दाढीवरून हात फिरवला, घरात गेली आणि आम्हाला बाहेरच ठेवून आतून कडी लावून घेतली. अर्ध्या तासानं दार उघडलं तेव्हा तिचा चेहरा धुतलेला होता. भावाची ट्रंक तिनं स्वतः आत ओढली. मी निघून आलो.

आता तो सकाळी बिंदुसरेपर्यंत फिरून येतो, आपाचे शिवलेले कपडे घरोघर पोचवतो, आणि रविवारी वडवणीला बाजाराला आला की माझ्या सोसायटीत बसून आमच्या सभांवर हसतो. तिकडं हा कारभार एकटा साहेब एका सहीत उरकायचा, म्हणतो. मग थोड्या वेळानं म्हणतो, पण भांडायची मजा इथंच आहे.

मला मात्र एक रुखरुख होती. गल्लीतली नवी पोरं त्याला नावानं ओळखत नाहीत. तो डोक्याला रुमाल बांधून निघाला की मागून ‘अरब चालला, अरब चालला’ म्हणतात. परवा माझ्यादेखतच म्हणाली. एवढ्या आटापिट्यानं ज्याला बीडचा म्हणून परत आणला, त्याला त्याच्याच गल्लीत परका ठरवतात, हे मला लागलं. मी पोरांवर धावून जाणार होतो. सालेमनं अडवलं.

“तितं माज्या माघारी मला हिंदी म्हणायचे, हितं अरब म्हणत्यात,” तो म्हणाला. “म्हणू दे की. हितं म्हणणाऱ्याच्या बापाला मी वळखतो.”